त्रिकोणातले त्रिकोण आणि इलेक्ट्रॉनची वाट

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीर्घकाळ काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ दीपक धर यांनी १९७७ साली अपूर्णांकी मितीच्या जाळ्यांचा पायाभूत विचार मांडला. अशा फ्रॅक्टल जाळ्याचे, म्हणजे प्रत्येक भागात संपूर्णाचीच आकृती असलेल्या रचनेचे, सिएरपिन्स्कीचा त्रिकोण हे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याची मिती सुमारे १.५८, म्हणजे रेषेहून अधिक आणि प्रतलाहून कमी. अशा जाळ्यातून इलेक्ट्रॉन वाहू लागला, की चुंबकीय क्षेत्रात त्याच्या तरंगाची कला (फेज) प्रत्येक बंद वेढ्याभोवती त्या वेढ्याच्या क्षेत्रफळानुसार बदलते, आणि येथे लहानमोठे वेढे एकात एक गुंफलेले असल्याने विद्युतवहनाचा आलेख विलक्षण नक्षीदार होतो, हेच या विषयाचे खरे सौंदर्य. २०१८ मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्त येथील संशोधकांनी तांब्यावर कार्बन मोनॉक्साइडचे रेणू मांडून असा नॅनोमीटर आकाराचा त्रिकोण घडवला, मात्र चुंबकीय क्षेत्राविना. धर यांना २०२२ चे बोल्ट्झमन पदक मिळाले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत.