जर्मनीच्या तळ्याकाठी एक रविवार

आपण बेटावरची माणसे. पाणी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर समुद्रच येतो. रविवार आला की बस भाड्याने घ्यायची, बिर्याणीचे डेग चढवायचे, रावान वाजवत फ्लिक आँ फ्लाक किंवा बेल मार गाठायचे आणि संध्याकाळी वाळू झाडत घरी यायचे. तळे हे आपल्याकडे सहलीचे ठिकाण नाही. गंगा तलावावर आपण जातो ते दर्शनाला, डुंबायला नव्हे. म्हणून धाकटी मुलगी जेव्हा म्हणाली, "आई, रविवारी आपण तळ्यावर जाऊ," तेव्हा मी नवी साडी काढून ठेवली होती. ती हसली. "अगं, देऊळ नाही तिथे. आंघोळीला जायचंय."

गेल्या वर्षी जुलै महिन्यात तिच्याकडे जर्मनीला जाण्याचा योग आला. इकडे क्युरपीपच्या थंडीत स्वेटर घालून निघाले आणि तिकडे भर उन्हाळ्यात उतरले. मुलगी, जावई आणि सात वर्षांचा नातू कोब्लेंत्स शहरात राहतात. तिथून मोटारीने तासाभराच्या अंतरावर आयफेल नावाचा डोंगराळ मुलूख आहे. जंगल, शेते, गाई आणि मधूनमधून वाटोळी तळी. त्या भागातले लोक त्यांना 'आयफेलचे डोळे' म्हणतात. डोंगरावरून खाली पाहिले की हे नाव पटते.

वाचकहो, या तळ्यांशी आपले एक नाते आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगते. आपला गंगा तलाव जसा जुन्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेला आहे, तशीच ही तळीही ज्वालामुखीनेच घडवली. फक्त रीत थोडी वेगळी. जमिनीखालून वर येणारा तप्त रस भूगर्भातल्या पाण्याला भिडला, एकदम वाफ झाली आणि स्फोटाने जमिनीला मोठा खड्डा पडला. पुढे तो पाण्याने भरला. अशा तळ्याला तिथे 'मार' म्हणतात आणि आता जगभरचे भूगर्भशास्त्रज्ञ हाच शब्द वापरतात. त्यातले उल्मेन गावचे मार सर्वात तरुण, म्हणजे सुमारे अकरा हजार वर्षांचे! पुल्व्हरमार सत्तर मीटरहून अधिक खोल आहे. तळे दिसायला लहान, पण काठापासून थोडे पुढे गेले की पायाखाली काही नाही.

आम्ही गेलो ते डाउन गावाजवळ. तिथे अगदी शेजारी शेजारी तीन मार आहेत: ग्येम्युंडेन, वाइनफेल्ड आणि शाल्केनमेरेन. पहिल्या आणि तिसऱ्यात पोहता येते. मधल्यात मनाई आहे. त्याचे दुसरे नाव टोटेनमार, म्हणजे मृतांचे तळे. काठावर एक पांढरे जुने चर्च आणि दफनभूमी आहे. पूर्वी तिथे वाइनफेल्ड नावाचे गाव होते, ते सोळाव्या शतकात प्लेगने ओस पडले. चर्च तेवढे राहिले आणि शाल्केनमेरेनचे लोक आजही आपली माणसे तिथेच पुरतात. एका निष्ठुर सरदारणीचा वाडा या पाण्यात बुडाला आणि पाळण्यातले मूल तेवढे तरंगत वाचले, अशी दंतकथाही आहे. तळे कुठलेही असो, त्याच्या काठी एक गोष्ट असायचीच. आपल्याकडे शंकर-पार्वती आहेत, त्यांच्याकडे सरदारीण.

आम्ही गाडी लावून आधी टेकडी चढलो. वर द्रोंके नावाचा दगडी मनोरा आहे, टेकडीची उंची ५६१ मीटर. माझे गुडघे बोलू लागले होते, पण नातू पुढे पळत होता, मग मी कशी थांबणार? पलीकडे उतरून टोटेनमारच्या काठाने चालत गेलो. तिथे कोणी मोठ्याने बोलत नाही. रस्ता ओलांडला की खाली शाल्केनमेरेनचे तळे आणि त्याला टेकलेले छोटे गाव दिसते. इथूनच जुन्या रेल्वेमार्गावर केलेली सायकलची वाट मोझेल नदीपर्यंत जाते. आगगाडी बंद झाली तरी वाट त्यांनी वाया जाऊ दिली नाही, हे मला फार आवडले.

तळ्याकाठी हिरवळ होती. तिला ते 'लीगेवीजे' म्हणतात, म्हणजे नुसते लोळायचे कुरण. आणि लोक खरेच नुसते लोळत होते! गाणे नाही, बाजा नाही, स्वयंपाक नाही. एक म्हातारे जोडपे घरून आणलेला केक आणि थर्मासमधली कॉफी घेऊन चार तास बसले. मध्ये दोघे उठली, पाण्यात शिरली, सावकाश एक फेरी पोहली, अंग पुसले आणि पुन्हा पुस्तक उघडले. मला आधी वाटले, काय ही कंटाळवाणी सहल. दोन तासांनी मात्र माझीही बडबड बंद झाली होती. मुलगी सांगत होती की नोकरीच्या दिवशीसुद्धा लोक काम संपल्यावर जवळच्या तळ्यावर येतात. काम सुटल्यानंतरच्या वेळेला त्यांच्या भाषेत 'फायरआबेंड' असा खास शब्द आहे आणि त्या वेळेला कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही. उन्हाळ्यात सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो, त्यामुळे घाईही नसते.

ज्यांच्या गावाजवळ असे नैसर्गिक तळे नाही, ते वाळू-खडी काढलेल्या खाणींत साठलेल्या पाण्यावर जातात. अशा तळ्यांना 'बागरझे' म्हणतात. सगळ्या देशात मिळून सरकारी तपासणीखाली असलेल्या सुमारे २३०० स्नानाच्या जागा आहेत आणि त्यातल्या बहुतेक समुद्रावर नसून तळ्यांवर आहेत. हंगामात पाण्याचे नमुने घेऊन रोगजंतू तपासतात आणि निकाल काठावरच्या फलकावर लावतात. निळ्या-हिरव्या शेवाळाची पाटी दिसली तर मात्र मुलांना पाण्यात सोडू नये. आणखी एक सूचना आपल्या वडीलधाऱ्यांसाठी: एखाद्या काठावर 'एफ.के.के.' अशी अक्षरे दिसली तर तिथे लोक कपड्यांशिवाय असतात. नमस्कार करून पुढच्या काठाला जावे.

आता खरी गोष्ट सांगते. मी बेटावर जन्मले, पण मला पोहता येत नाही. आमच्या घरात पाण्याला बंदी होती. माझ्या लहानपणी ब्लॅक रिव्हरच्या बाजूला माझ्या धाकट्या काकांना समुद्राने नेले. त्या दिवसापासून आजीने कोणा मुलाला गुडघ्यापलीकडे पाण्यात जाऊ दिले नाही. मोठेपणी मीही माझ्या मुलांना जाऊ दिले नाही. शेजारीपाजारी विचारले तर अशी घरे बरीच निघतील. सहलीला आपण समुद्राकडे जातो आणि त्याच्याकडे पाठ करून जेवतो.

नातवाच्या चड्डीवर समुद्रघोड्याचे चिन्ह शिवलेले होते. जर्मनीत मुलांना पोहण्याची पहिली पायरी पार केली की हे चिन्ह मिळते: काठावरून उडी, पंचवीस मीटर पोहणे आणि खांद्याइतक्या पाण्यातून हाताने वस्तू वर काढणे. स्वारी फार ऐटीत होती. दोरीच्या पलीकडे एक तराफा होता, तिथवर जायचा त्याने हट्ट धरला. "मला समुद्रघोडा मिळालाय ना!" मुलगी म्हणाली, "ब्रॉन्झ मिळव, मग बघू." रडारड झाली. मला वाटले, एवढे पोहतो तर जाऊ दे की. जावईबापूंनी समजावले. ब्रॉन्झसाठी पंधरा मिनिटांत किमान दोनशे मीटर पोहावे लागते, दोन मीटर खोल बुडी मारावी लागते, आणि तेवढे येईपर्यंत जीवरक्षक संस्था मुलाला पोहणारा मानतच नाही. तळ्याचे पाणी फसवे असते. वरचा थर उन्हाने कोमट, खाली पाय गेले की एकदम गारठा. खाणीच्या तळ्यात तर काठच खचतो.

ही जीवरक्षक संस्था कशी निघाली तेही ऐकण्यासारखे आहे. १९१२ सालच्या जुलैमध्ये र्युगेन बेटावर बिंत्स येथे धक्का कोसळून अनेक माणसे पाण्यात पडली. पोहता येणारे थोडे आणि वाचवता येणारे त्याहून थोडे. पुढच्याच वर्षी, १९१३ साली, संस्था स्थापन झाली. आजही तिचे स्वयंसेवक लाल-पिवळ्या कपड्यांत काठावर बसलेले असतात. तरीही २०२४ साली जर्मनीत ४११ माणसे बुडाली, बहुतेक नद्या-तळ्यांतच. प्राथमिक शाळेतली वीस टक्के मुले मुळीच पोहू शकत नाहीत, असे २०२२ सालच्या पाहणीत आढळले होते. तलाव आहेत, शिस्त आहे, तिथेही ही स्थिती.

रडणे थांबल्यावर नातू माझ्याजवळ आला. "आजी, तू तरी ये." मी साडी गुडघ्यावर खोचली आणि उतरले. पाणी गार होते, तळाचे खडे पायांना टोचत होते. त्याने माझा हात धरला होता, मी त्याचा. गुडघ्यांवर गेले. मांडीपर्यंत गेले. मग कमरेपर्यंत. मागे वळून पाहिले तर मुलगी उभी राहून बघत होती. फोटो काढायचे तिला सुचले नाही.

परत आल्यावर मी वाकोवाला चौकशी केली. मोठ्यांसाठी पोहण्याचे वर्ग सकाळी असतात, बायकांची वेळ वेगळी ठेवलेली आहे. माझ्यासोबत शेजारच्या दोघी येणार म्हणाल्या आहेत. एकीचे वय अठ्ठावन्न, दुसरीने आपले वय सांगितले नाही.