आठ की साठ?

आमच्या गटाची बैठक पूर्वी पिठाच्या गिरणीशेजारच्या ओट्यावर व्हायची. एकदा आम्ही एका मावशींना सांगितलं, तुमचं व्याज साठ रुपये. पुढच्या बैठकीत त्यांनी आठ रुपये मोजून ठेवले. हशा पिकला. त्यानंतर मावशी येईनात, आणि आम्ही वहीत त्यांच्या नावापुढे गैरहजेरीचा दंड मांडत राहिलो.

शेवटी घरी गेलो. मावशी म्हणाल्या, "ऐकू येतं गं, पण कळत नाही." आम्हाला नवल वाटलं, कारण घरात तर त्या आमच्याशी नीट बोलत होत्या.

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यातल्या हजारो नाजूक पेशी आवाज टिपतात. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी वयामुळे किंवा सततच्या गोंगाटामुळे आधी झिजतात, आणि गेल्या की परत येत नाहीत. बोलण्यातले आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले, दणकट. स, श, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीतली, हलकी. 'साठ'मधला स निसटला की उरतं 'आठ'. शांत घरात ओठांकडे बघून, मागच्यापुढच्या बोलण्यावरून अंदाज बांधता येतो. गिरणी घरघरू लागली, चौघी एकदम बोलू लागल्या, की तोही आधार जातो. चांगल्या कानांचा माणूस गलक्यातून हवा तो आवाज वेगळा काढतो. अधू कानांना सगळा कालवा एकत्रच येतो. सारखा अंदाज बांधून डोकं शिणतं ते वेगळंच.

आम्ही ओरडून सांगायचो, तेही चुकलंच. ओरडताना स्वर मोठे होतात, व्यंजनं तेवढी होत नाहीत. शिवाय अशा कानाला मोठा आवाज एकदम टोचतो. "हळू बोललं तर ऐकू येत नाही, जोरात बोललं तर ओरडू नको म्हणतात," ही सुनेची तक्रार खरी, आणि सासूचीही खरीच!

कधी कानात नुसता मळ अडकलेला असतो, म्हणून आधी कानाच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. काडी, पिन, गरम तेल नको. यंत्र मिळालं तर ते गोंगाटही मोठा करतं. सवय व्हायला काही आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी डबीत ठेवून देऊ नका. आणि कामाच्या जागी हातभर अंतरावरच्या बाईशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तो गोंगाट साधारण ८५ डेसिबलच्या घरात गेला समजा. रोज आठ तास त्यात राहणं कानाला घातक.

आता आमची बैठक शाळेच्या खोलीत होते. मावशी खिडकीकडे पाठ करून बसतात, म्हणजे बोलणारीच्या तोंडावर उजेड पडतो. आकडे आम्ही पाटीवर लिहितो. दंडाचे पैसे परत केले. मावशींनी ते दोनदा मोजून घेतले.