व्हाइटनर लावलेली निवडणूक

केंद्राध्यक्ष म्हणून ड्यूटी केलेल्या कुठल्याही शिक्षिकेला विचारा, मतदानाच्या दिवशी यंत्रापेक्षा कागदांचीच धास्ती जास्त असते. आकडा चुकला तर त्यावर आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहून सही करायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे. प्रशिक्षणात हे आम्हाला घोकून घोकून सांगितलेलं. त्यामुळे आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या निकालपत्रांवर व्हाइटनर फासलं होतं हे वाचलं, तेव्हा त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.

टांझानिया, झांबिया आणि मोझांबिक यांच्या मधे असलेला हा चिंचोळा, गरीब देश. १९६४ साली स्वतंत्र झाला आणि पुढची तीस वर्षं हेस्टिंग्ज बांडा यांच्या एकपक्षीय राजवटीत राहिला. १९९३ मध्ये लोकांनी सार्वमतात अनेक पक्षांच्या बाजूने कौल दिला आणि १९९४ पासून निवडणुका सुरू झाल्या. तिथे पंतप्रधान नाही. राष्ट्राध्यक्षाला जनता थेट निवडते आणि त्याच दिवशी खासदार व स्थानिक नगरसेवकही निवडले जातात. मतपत्रिका कागदीच. मोजणी आपल्यासारखी दुसरीकडे नेऊन होत नाही. मतदान संपलं की त्याच केंद्रावर, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर होते. निकालपत्रावर सह्या होतात आणि तो कागद वरच्या पातळीवर बेरजेसाठी जातो. म्हणजे सगळी मदार त्या एका कागदावर.

२१ मे २०१९ च्या निवडणुकीत पीटर मुथारिका ३८.५७ टक्के मतं मिळवून पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले. लाझारस चक्वेरा यांना ३५.४१ टक्के, सावलोस चिलिमा यांना सुमारे २० टक्के. पहिल्या दोघांत फरक जेमतेम १ लाख ५९ हजार मतांचा. आणि अनेक निकालपत्रांवर आकडे पांढऱ्या द्रवाने झाकून वर नवे लिहिलेले.

लोक रस्त्यावर उतरले ते महिनोन्‌महिने. निवडणूक आयोगाच्या अध्यक्षा जेन अन्साह यांनी राजीनामा द्यावा ही त्यांची मागणी. तिकडे चक्वेरा आणि चिलिमा कोर्टात गेले. खटला पाच न्यायाधीशांसमोर चालला आणि सुनावणी रेडिओवरून थेट ऐकवली गेली. मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. कुठल्या केंद्राचा कागद कसा भरला, सही कुणाची, दुरुस्ती कुणी केली, असा रुक्ष तपशील सामान्य माणसं कामधंदा करता करता ऐकत होती. 'कोण जिंकलं' याच्या पुढे जाऊन 'कसं मोजलं' हे एका अख्ख्या देशाने विचारलं.

दबाव कमी नव्हता. न्यायाधीशांना लाच देऊ पाहणाऱ्या एका बँकमालकाला पुढे शिक्षा झाली. ३ फेब्रुवारी २०२० ला निकाल द्यायला न्यायाधीश आले ते बुलेटप्रूफ जॅकेट घालून, लष्कराच्या बंदोबस्तात. सुमारे दहा तास निकालपत्राचं वाचन चाललं. निवडणूक रद्द. गैरप्रकार व्यापक आणि पद्धतशीर होते, असा निष्कर्ष. शिवाय राष्ट्राध्यक्ष व्हायला निम्म्याहून जास्त मतं हवीत, हा राज्यघटनेचा अर्थ कोर्टाने नव्याने लावला. म्हणजे ३८ टक्क्यांवर सत्तेत बसायचे दिवस संपले.

याआधी आफ्रिकेत राष्ट्राध्यक्षाची निवडणूक कोर्टाने रद्द केली होती ती केनियात, २०१७ साली. पण तिथे फेरमतदानावर विरोधकांनी बहिष्कार टाकला आणि जुनेच राष्ट्राध्यक्ष परत आले. मलावीत चक्वेरा आणि चिलिमा यांनी हातमिळवणी केली. अन्साह पायउतार झाल्या, आयोगाला नवे अध्यक्ष मिळाले. २३ जून २०२० ला, कोरोनामुळे परदेशी निरीक्षक जवळपास नसताना, देशाने स्वतःच्या बळावर फेरनिवडणूक पार पाडली. चक्वेरा ५८ टक्क्यांहून जास्त मतांनी जिंकले.

त्यानंतर महागाई, इंधनाची टंचाई, २०२३ चं फ्रेडी चक्रीवादळ. लोकांचा भ्रमनिरास झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांनी चक्वेरांना घरी बसवून वयाच्या ८५ व्या वर्षी त्याच मुथारिकांना जवळपास ५७ टक्के मतांनी परत आणलं. हे ऐकून काही जण म्हणतात, मग एवढं सगळं करून मिळवलं काय? मला हे म्हणणं साफ चुकीचं वाटतं. कोर्टाने मुथारिकांना कायमचं नाकारलं नव्हतं, त्या कागदांना नाकारलं होतं. या वेळी ते निम्म्याहून जास्त मतांनी आले आणि अधिकृत घोषणेआधीच चक्वेरांनी पराभव मान्य केला.

आपल्याकडे मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष प्रत्येक उमेदवाराच्या प्रतिनिधीला नमुना सतरा-सीची प्रत देतो. झालेल्या मतांचा हिशेब त्यात असतो. पुढच्या वेळी तुम्ही कुणाचेही प्रतिनिधी म्हणून बूथवर बसलात, तर ती प्रत घेतल्याशिवाय आणि तिच्यावरचा आकडा स्वतः वाचल्याशिवाय घरी जाऊ नका.