सातबाऱ्याबाहेरची शेतकरीण

हवामानबदलाचा फटका एखाद्या शेतकरी कुटुंबाला किती बसेल, हे तीन गोष्टींवर ठरते. संकट किती वेळा दारात येते, त्याचा घाव किती खोल जातो आणि त्यानंतर पुन्हा उभे राहायला हाताशी काय उरते. या तिन्हींना मिळून शास्त्रज्ञ धोकाप्रवणता म्हणतात. बहुतेक मोजण्या कुटुंबाच्या उंबरठ्याशी थांबतात, पण घरातल्या सगळ्यांची धोकाप्रवणता सारखी नसते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2024 मध्ये 24 देशांतील ग्रामीण कुटुंबांच्या माहितीवरून काढलेला निष्कर्ष असा की, ज्या घराचा कारभार बाईकडे आहे, त्या घराचे उष्णतेमुळे होणारे उत्पन्नाचे नुकसान पुरुषप्रमुख घरापेक्षा सरासरी 8 टक्क्यांनी जास्त असते. पुरामुळे होणारे नुकसानही 3 टक्क्यांनी जास्त भरते.

मराठवाड्यात हे फार स्पष्ट दिसते. 2014 आणि 2015 ही लागोपाठची दोन वर्षे तिथे सरासरीपेक्षा सुमारे 40 टक्के कमी पाऊस झाला आणि एप्रिल 2016 मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. खेड्यांत टँकर होते. टँकर कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून घागरी लावून थांबणाऱ्या बाईचा त्या दिवसाचा रोज बुडतो. मुळात दुष्काळात मजुरीचे दिवसच कमी असतात. खुरपणी आणि कापूसवेचणी ही बायकांची कामे. पाऊस दडी मारून बसला की तण वाढत नाही आणि खुरपणी निघत नाही. बोंडे भरली नाहीत की वेचणीचे किलो भरत नाहीत.

उन्हाचा परिणाम शरीरावर कसा होतो, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. काम करताना स्नायूंत तयार होणारी उष्णता घाम वाळून बाहेर पडते. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही आणि शरीर तापत जाते. त्यात रक्तक्षय असेल तर स्नायूंना पुरेसा प्राणवायू पोहोचवण्यासाठी हृदयाला जास्त धावावे लागते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. शेतात आडोसा नसतो, म्हणून अनेक जणी दिवसभर पाणीच कमी पितात. त्यातून मूत्रमार्गाचे संसर्ग होतात आणि घाम येण्याची क्षमताही घटते. गर्भवतीच्या शरीरात तर मुळातच जास्त उष्णता तयार होत असते. आफ्रिकेतील गांबिया देशात शेतात राबणाऱ्या 92 गर्भवतींची तपासणी झाली; तीत उष्णतेचा ताण एका अंशाने वाढला की गर्भावर ताण येण्याची शक्यता 17 टक्क्यांनी वाढते असे दिसले.

शेत पिकले नाही की बीडची कुटुंबे ऊसतोडीला जातात. इथे नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरली जाते आणि आगाऊ उचलही जोडीलाच मिळते. एकीचा खाडा झाला तर पैसे दोघांचे कापले जातात. त्यामुळे पाळीच्या दिवसांत, अगदी गरोदरपणातही मोळ्या वाहणे थांबत नाही. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीने बीड जिल्ह्यातील 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. प्रत्येक शस्त्रक्रियेचे कारण वेगळे असेल, पण खाड्याची भीती त्यातल्या कितीतरी निर्णयांमागे होती, हे नाकारता येत नाही. कोरडवाहू शेतीचे अपयश शेवटी बाईच्या शरीरावर येऊन थांबते ते असे.

सावरण्याच्या ताकदीचा प्रश्न मात्र शरीराचा नाही, कागदाचा आहे. 2011 च्या जनगणनेनुसार देशातील काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे 65 टक्के शेतकरी किंवा शेतमजूर आहेत. तरी 2015-16 च्या कृषी गणनेत जमीन कसणारी म्हणून नोंद झालेल्यांत स्त्रिया 14 टक्क्यांच्या आसपासच. पीककर्ज, पीकविमा, गारपिटीची भरपाई या सगळ्यांची सुरुवात सातबाऱ्यापासून होते. नवरा गेल्यावर फेरफार वेळेत झाला नाही, तर तीच जमीन कसणारी बाई सरकारच्या लेखी शेतकरी नसते. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने 1994 मध्येच, म्हणजे देशाच्या अकरा वर्षे आधी केली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती मोहिमेत नवऱ्यांना स्वतःहून बायकोच्या नावे जमीन करायला लावली. तरीही हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेण्याची रीत गावोगाव टिकून आहे.

लातूर, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने वेगळी वाट धरली. बायकांनी घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घ्यायचा आणि त्यात सोयाबीनऐवजी ज्वारी, कडधान्ये, भाजीपाला अशी कमी पाण्यावरची पिके मिसळून घ्यायची. एक पीक गेले तरी दुसरे हाती लागते आणि घरात खायला राहते. या कामाला 2017 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पण हा एकर बहुतेक ठिकाणी कसण्यापुरताच बाईचा असतो. गारपीट झाली आणि तलाठी पंचनाम्याला आला, की कागदावर नाव सातबाऱ्यावरच्या मालकाचे लागते.