एका दिवसाच्या पिल्लांतील नर-मादी कशी ओळखतात?

कोंबडीचे अंडे २१ दिवस उबविले म्हणजे त्यातून पिल्लू बाहेर येते. काही तासांत त्याची ओली लव सुकते आणि ते आपल्या पायांवर चालू लागते. अशी शंभर पिल्ले एका पेटीत ठेवली, तर त्यांतील नर कोणते व माद्या कोणत्या हे सामान्य माणसास सांगता येत नाही. नराचा तुरा लाल होऊन वाढीस लागणे, मानेवरची पिसे लांब व टोकदार होणे, ही लक्षणे दिसून येण्यास कित्येक आठवडे जावे लागतात. अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्यास तेवढा काळ थांबणे परवडत नाही. कारण पिल्लांत सुमारे निम्मे नर असतात आणि त्यांच्यावर झालेला खाद्याचा, जागेचा व उबेचा खर्च अंड्यांच्या रूपाने परत मिळत नाही.

टोकदार अंड्यातून कोंबडा व गोल अंड्यातून कोंबडी निघते, अशी एक समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. दोऱ्याला बांधलेली अंगठी अंड्यावर धरून तिच्या हेलकाव्यांवरून निर्णय करण्याचीही चाल आहे. या समजुतींना आधार नाही. पिल्लू नर होणार की मादी, हे बलक अंडाशयातून सुटण्याच्या सुमारासच ठरलेले असते. कवच त्यानंतर अंडनलिकेत तयार होते. म्हणून कवचाच्या आकारावरून आतील पिल्लाचे लिंग कळणे शक्य नाही.

मग खरी खूण कोठे शोधावयाची? या प्रश्नाचे व्यवहारात उपयोगी पडेल असे उत्तर प्रथम जपानमध्ये मिळाले. कियोशी मासुई, हाशिमोटो व त्यांचे सहकारी यांनी १९२०–३० या दशकात पिल्लांच्या अवस्कराची बारकाईने पाहणी केली. पक्ष्यांत आतडे, मूत्रमार्ग व जननमार्ग ज्या एकाच पोकळीत उघडतात, तिला अवस्कर म्हणतात. नर पिल्लाच्या अवस्कराच्या कडेला आतील बाजूस टाचणीच्या डोक्याएवढा एक उंचवटा असतो. तो गोल, चकचकीत व घट्ट असून बोटाने हलकेच दाबला तरी नाहीसा होत नाही. बहुतेक माद्यांत तो नसतो. काही माद्यांत मात्र असतो, पण तो चपटा व मऊ असून दाबताच विरून जातो. सगळी अडचण या थोड्या माद्यांमुळे उद्भवते. मासुई यांनी या उंचवट्याचे निरनिराळे प्रकार पाडून दाखविले. १९२७ साली कॅनडातील ओटावा येथे भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेमुळे ही पद्धत इतर देशांस ज्ञात झाली आणि पुढील काही वर्षांत जपानी पारखी परदेशांतील उबवणी केंद्रांत काम करू लागले.

पारखी पिल्लू डाव्या हातात धरतो, पोटावर हलका दाब देऊन विष्ठा बाहेर काढतो, अंगठ्याने अवस्कराची कड उलटवितो आणि प्रखर दिव्याखाली क्षणभर पाहतो. पिल्लाच्या पोटात अद्याप बलकाचा अंश शिल्लक असतो. दाब जास्त झाल्यास पिल्लू मरते. हे काम जन्मानंतर साधारणपणे एका दिवसाच्या आत करावे लागते, कारण पुढे खूण ओळखणे कठीण होत जाते. मुरलेला पारखी एका तासात हजाराच्या आसपास पिल्ले निवडतो व शंभरांत दोन-तीनांहून अधिक चुकत नाही.

आपण नेमके काय पाहतो हे पुष्कळ पारख्यांना शब्दांत सांगता येत नसे. त्यामुळे ही विद्या म्हणजे एक गूढ अंतःप्रेरणा आहे, असा समज पसरला. परंतु १९८७ साली अमेरिकेतील बीडरमन व शिफ्रार या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी नवख्या माणसांना, कोठे पाहावे आणि तेथील भाग फुगीर आहे की सपाट हे कसे ओळखावे, एवढेच एका कागदावर आकृतीने समजावून दिले. त्यानंतर अवस्कराच्या छायाचित्रांवरून निर्णय देण्यात ही माणसे अनुभवी पारख्यांच्या मागे राहिली नाहीत. हाताचे कसब व वेग मात्र सरावानेच येतो.

दुसरा मार्ग आनुवंशिकतेचा आहे. मनुष्यात मुलगा की मुलगी हे पित्याच्या गुणसूत्रावर अवलंबून असते. पक्ष्यांत ते मातेच्या गुणसूत्रावर ठरते. कोंबड्यात दोन झेड गुणसूत्रे असतात, तर कोंबडीत एक झेड व एक डब्ल्यू. कोंबडी आपले झेड गुणसूत्र केवळ मुलांना देते. मुलींना झेड मिळते ते पित्याकडून. तेव्हा एखादा प्रभावी गुण मातेच्या झेड गुणसूत्रावर असून पित्यात तो नसेल, तर तो फक्त नर पिल्लांत प्रकट होतो. ऱ्होड आयलंड रेड जातीचा कोंबडा व पट्टेरी प्लिमथ रॉक जातीची कोंबडी यांच्या संकरातून काळी पिल्ले निघतात, पण नरांच्या डोक्यावर फिकट ठिपका असतो. त्याच कोंबड्याचा लाइट ससेक्स कोंबडीशी संकर केल्यास नर फिकट पिवळे व माद्या तांबूस होतात. पिसे उशिरा येण्याचा गुणही याच गुणसूत्रावर असल्याने, योग्य जोडी जमविली असता पंखाच्या पिसांच्या लांबीवरून नर-मादी कळतात. जोडी उलट केली तर सर्व पिल्लांत तोच गुण उतरतो व खूण निरुपयोगी होते. संकरित पिल्लांच्या पुढच्या पिढीतही ती भरवशाची राहत नाही. ही अडचण टाळण्यासाठी केंब्रिज येथे पनेट व पीझ यांनी १९२९ च्या सुमारास ‘केंबार’ ही जात तयार केली. तिच्या शुद्ध वंशातही नर पिल्लू मादीहून फिकट दिसते.

या विद्येला एक दुःखद बाजूही आहे. अंड्यांसाठी निपजविलेल्या जातींचे नर अंडी देत नाहीत व मांसासाठीही लवकर भरत नाहीत. म्हणून निवड होताच त्यांना मारून टाकण्याची प्रथा जगभर पडली. अशा पिल्लांची संख्या वर्षाला काही अब्जांच्या घरात जाते. या प्रथेवर जर्मनीने २०२२ च्या आरंभापासून व फ्रान्सने २०२३ पासून कायद्याने बंदी आणली. त्यामुळे पिल्लू जन्मण्यापूर्वी, अंड्यातच लिंग ओळखण्याचे उपाय पुढे आले आहेत. एका पद्धतीत नवव्या दिवशी कवचास बारीक छिद्र पाडून आतील द्रवाचा थेंब घेतात व त्यातील स्त्रीसंप्रेरकाची तपासणी करतात. दुसरीत तेराव्या दिवसाच्या सुमारास अंड्यातून प्रकाश पाठवून वाढत्या पिल्लाच्या पिसांचा रंग यंत्राने पाहतात. ज्या जातींत नर व मादी यांचे रंग जन्मतः भिन्न असतात, तेथेच ही दुसरी रीत लागू पडते. म्हणजे संकराने मिळविलेली जुनी खूणच येथे कवचाआडून वाचली जाते.

अंड्यात वाढणाऱ्या गर्भास वेदना केव्हापासून जाणवतात, याविषयी शास्त्रज्ञांत चर्चा चालू आहे. परीक्षा जितक्या लवकर होईल तितके बरे, हे मात्र सर्वमान्य आहे. काही ठिकाणी नर पिल्लेही वाढवून त्यांचे मांस विकण्याचा मार्ग पत्करण्यात आला आहे. त्याचा वाढीव खर्च अंड्यांच्या किमतीत मिळविला जातो. पिल्लाचे लिंग ओळखणे आता अवघड राहिलेले नाही. ओळखलेल्या नराचे काय करावयाचे, हा निर्णय मात्र पाळणारा व अंडी विकत घेणारा या दोघांनाही करावा लागणार आहे.