लेणी पाहायला आलेले दोन पाहुणे

गेल्या पौषात जर्मनीतील एक स्नेही सोयगावी आमच्या घरी आठवडाभर मुक्कामास होते. स्वतः खेड्यात वाढलेले असल्याने गोठा, शेणाचा वास आणि पहाटेची कोंबड्याची बांग यांचे त्यांस काडीचेही नवल वाटले नाही. परंतु कळण्याच्या भाकरीसंगे ठेच्याचा पहिला घास तोंडात पडताच नेत्रांतून ज्या धारा लागल्या, त्या पाहून आईने ‘अहो, तेल घ्या वरून’ म्हणत वाटी पुढे सरकवली.

(कळणे म्हणजे ज्वारी नि उडीद एकत्र दळलेले पीठ.)

दुसऱ्या दिवशी लेणी दाखविली. नाव अजिंठ्याचे असले, तरी ती आमच्या तालुक्यात, फर्दापूरजवळ, वाघूर नदीच्या वळणावर कोरलेली आहेत.

याच मुलखाचा एक जुना पाहुणा म्हणजे रॉबर्ट गिल. मद्रास फौजेतील हा अधिकारी कंपनी सरकारच्या हुकमाने १८४४ साली भित्तिचित्रांच्या नकला उतरविण्यास आला, अजिंठा गावच्या बारादरीत राहिला, आणि वर्षानुवर्षे खपून त्याने तैलरंगात रंगविलेली बहुतेक चित्रे १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत भस्मसात झाली!

गिलची प्रेयसी पारो हिची १८५६ची कबर अजिंठा गावात, गिलची १८७९ची भुसावळला. त्यांच्या प्रेमाची चर्चा पुष्कळ होते. मला मात्र बारादरीत रोज रांधले काय जात असेल, हेच कुतूहल.

येणार असाल तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात. काही विचारावयाचे असल्यास खाली अवश्य लिहा.