बोडीतल्या माशांना फिशमील हवंच का?



मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला गेले होते. गटानं बोडी भाड्यानं घेऊन रोहू, कतला आणि मृगलची बोटुकली सोडली होती. आता खाद्यासाठी कर्ज काढायचं होतं. दुकानदार म्हणाला होता, "फिशमीलवालं खाद्य घ्या, नाही तर मासा वाढणार नाही." त्यावर एक ताई मला म्हणाल्या, "मॅडम, मासा वाढवायला मासाच विकत घ्यायचा, तर आपल्या हाती काय उरणार?"

प्रश्न अगदी रास्त आहे. फिशमील म्हणजे तारलीसारखे लहान समुद्री मासे शिजवून, दाबून, वाळवून केलेली भुकटी. 1 किलो भुकटीला साधारण 4 ते 5 किलो ताजे मासे लागतात. तिच्यात प्रथिनं भरपूर, म्हणून ती महाग. शिवाय हीच लहान मासळी किनाऱ्यावरच्या बाया टोपलीत विकतात, ती गरिबाच्या ताटात जाते.

जिताडा हा मासे खाणारा मासा. त्याच्या खाद्यातून फिशमील सहज काढता येत नाही. आपल्या रोहू, कतला, मृगलचं तसं नाही. बोडीत बेतानं शेणखत टाकलं की पाणी हिरवट होतं. त्यात बारीक वनस्पती आणि जीव वाढतात, ते मासे खातात. वरून द्यायचं खाद्य 25 ते 30 टक्के प्रथिनांचं असलं की पुरतं.

10 किलो खाद्याचा हिशोब लिहून घ्या:

- भाताचा कोंडा – 5 किलो
- शेंगदाण्याची ढेप – अडीच किलो
- सोयाबीनची ढेप – अडीच किलो
- माशांसाठीचं खनिज मिश्रण – 100 ग्रॅम

दोन ढेपा कशाला? आपण वरण-भात एकत्र खातो, तसंच हे. शेंगदाण्यात जे कमी आहे, ते सोयाबीन भरून काढतं.

आता तीन गोष्टी सांभाळा. कच्चं सोयाबीन दळून घालू नका. त्यातल्या एका घटकामुळे प्रथिनं पचत नाहीत, तो उष्णतेनं जातो. म्हणून गिरणीतली भाजलेली ढेपच घ्या. सरकीच्या ढेपेत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, तिच्यावर भर देऊ नका. आणि बुरशी आलेली ढेप कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. आमच्या एका गटानं पावसाळ्यात ओलसर ढेप घेतली. आठ दिवसांत तिला बुरशी आली, सगळी फेकावी लागली. कर्जाचा हप्ता मात्र चुकला नाही!

खाद्य किती द्यायचं? माशांच्या एकूण वजनाच्या 2 ते 3 टक्के. 500 मासे, प्रत्येकी 100 ग्रॅम, म्हणजे 50 किलो वजन. त्यांना रोज 1 ते दीड किलो पुरे. भोकं पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला टांगा. दुसऱ्या दिवशी पोत्यात उरलेलं दिसलं तर कमी करा. ढगाळ दिवशी हात आखडता घ्या. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील, तर खाद्य बंदच ठेवा.

दर पंधरा दिवसांनी जाळं टाकून थोडे मासे तोला आणि वजन वहीत लिहा. वजन वाढतंय की नाही, ते दुकानदाराला विचारावं लागणार नाही; आपली वहीच सांगेल.